अकरा मजल्यांची सावली

१२ एप्रिल

पोचलो एकदाचे. दर्यापूरहून टेम्पो सकाळी सातला निघाला आणि साडेनऊला अकोल्यात, कर्मचारी कॉलनीच्या गल्लीत लागला. दोन कपाटं, कूलर, आईचं शिलाई मशीन, तिच्या कुंड्या आणि माझं मोजणीचं सामान. बदलीचा हुकूम आला तेव्हा आई दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. आज मात्र माझ्याआधी तीच फाटक उघडून आत गेली आणि आतूनच ओरडली, का इथं तर संत्र्याचं झाड हाय वो!

घर मामाचं. त्याला मूलबाळ नव्हतं. जाण्याआधी त्याने मिळकत पत्रिकेवर आईचं, म्हणजे ललिता तायडे, आणि खाली माझं, प्रणाली तायडे, अशी दोन्ही नावं चढवून घेतली. तीन खोल्या, वर मोकळी गच्ची, पुढे अंगण. गल्लीत अशी अकरा घरं, सगळी बैठी, चाळीसेक वर्षांपूर्वी नोकरदारांनी सोसायटी करून बांधलेली. रस्ता नऊ मीटर. हे मी आधी डोळ्यांनी ठरवलं आणि मग टेपने ताडून पाहिलं. जमिनी मोजण्यावर पोट असलं की ही खोड जात नाही.

रस्त्यापलीकडे, मावळतीला, कापसाच्या जुन्या जिनिंग मिलची जागा. शेड पाडून साफ केलेली, काळी माती उघडी. तिकडे सगळं आभाळ मोकळं आहे. दुपारचं ऊन थेट दारात येणार, आई आत्तापासूनच कुरकुरते आहे.

उजवीकडचे किसनराव ढोरे एकटेच असतात. कृषी विद्यापीठातून रिटायर झालेत, डोक्याला कायम ओला दुपट्टा. नळ पाचव्या दिवशी येतात म्हणून त्यांनी न मागता दोन गुंड भरून पाणी आणून दिलं. डावीकडे भगवंतराव गावंडे आणि माधवीकाकू. काकूंची गच्ची वाळत घातलेल्या गव्हाच्या सरगुंड्यांनी भरली आहे. त्यांनी भिंतीवरूनच आईला विचारलं, तुमी सरगुंडे काडीवर करता का हातावर. आईने उत्तर दिलं आणि तिथेच दोघींची मैत्री झाली.

मला इथे आवडणार आहे.

१४ एप्रिल

जयंती. आईने खीर केली, सगळी गल्ली येऊन गेली. निळा कंदील लावायला भगवंतराव स्वतः स्टुलावर चढले. त्यांचा डावा हात कोपरात वाकडा आहे, लहानपणी बैलाने पाडलं होतं म्हणे, पण त्याच हाताने त्यांनी गाठ मारली.

खीर खाता खाता खरी बातमी कळली. जिनिंगच्या जागेवर टॉवर येणार. खाली पार्किंग, वर अकरा मजले. पण एवढ्या उंच इमारतीला बारा मीटर रस्ता लागतो, आणि आपला नऊ. म्हणून बिल्डरला अकराही घरांकडून पुढच्या अंगणाची पट्टी हवी आहे. पट्टी देणाऱ्याला टॉवरमध्ये एक फ्लॅट. पहिल्या सहीला पहिला मजला, दुसऱ्या सहीला दुसरा, असं. एकाने जरी नाही म्हटलं तरी टॉवर अडतो.

किसनराव म्हणाले, आमाले पाणी पाचव्या दिवशी, त्याहीले रोज कुठून देतीन? काकू म्हणाल्या, मी गच्चीवर केस सुकवाले बसन तं अकरा मजल्यांनी पायत बसावं का. गटाराचं पाणी आत्ताच तुंबतं. गाड्या कुठे लागणार? आईने विचारलं, मंग माह्या संत्र्याले ऊन कोण देईन?

सगळ्यांनी ठरवलं, सही द्यायची नाही. हरकतीचा अर्ज मी लिहायचा. मी हो म्हटलं. दोन दिवसांपूर्वी आलेली बाई मी, पण जमीन आणि कायदा यांचं मला कळतं, आणि घर माझंही आहे.

१९ एप्रिल

महापालिकेत अर्ज दिला. अकरा सह्या. सुनावणी २१ मेला, सकाळी अकरा.

संध्याकाळी बिल्डरचा माणूस येऊन गेला. अंकुर नाव. पांढरा फुल शर्ट, पायातले बूट दाराबाहेर सरळ रेषेत काढून ठेवले. मवाळ बोलतो. मॅडम, उन्हाळ्यात या गल्लीत किती तापतं, टॉवर झाला की दुपारनंतर सगळ्यांना सावली मिळेल, असं म्हणाला. आईने त्याला पाणी दिलं आणि सांगितलं का बापू, आमाले झाडाची सावली पुरते.

जाताना त्याने कागद ओट्यावर ठेवला. मी तो परत त्याच्या हातात दिला.

२५ एप्रिल

किसनरावांनी सही केली.

कोणालाच पटेना. काल दुपारी अंकुर त्यांच्याकडे तासभर बसला होता. किसनराव मला फाटकात भेटले तेव्हा माझ्याकडे पाहत नव्हते. म्हणाले, पोरी, मी एकटा माणूस, थकलो, सत्तर उन्हाळे झाले. मूर्तिजापूरला लेकीकडे जातो आहे म्हणाले. एक पिशवी घेतली आणि पायीच गेले. मला राग आला होता, म्हणून मी त्यांना ऑटोपर्यंतही सोडलं नाही.

२७ एप्रिल

हे नीट लिहून ठेवते.

काकूंनी हाक मारली. त्यांच्या अंगणातल्या खाटेवरच्या सरगुंड्यांना बुरशी आली. चव्वेचाळीस डिग्रीत! त्या म्हणाल्या, संध्याकाळचं ऊनच लागून नाई राहिलं. मी सव्वासहाला बाहेर गेले. सूर्य जिनिंगच्या जागेवर, समोर काहीही नाही, आणि त्या काहीही नसलेल्यातून एक सावली निघून रस्ता ओलांडून आमच्या कुंपणांपर्यंत आली होती. सरळ कडांची. खांब दिसत होते, स्लॅब दिसत होता, खांबांच्या मधून ऊन येत होतं.

मी दोन मीटरचा दांडा रोवला. त्याची सावली चौदा मीटर. या सावलीची लांबी बेचाळीस. म्हणजे जे काही उभं आहे त्याची उंची सहा मीटर. पार्किंग आणि एक मजला.

एक सही, एक मजला.

सावलीत हात घातला. फ्रीजमध्ये घातल्यासारखा गार.

२९ एप्रिल

फोटो काढले. फोटोत सावली येते, जागा रिकामी येते. अंकुरला दाखवले. तो म्हणाला, ढग असेल, मॅडम. मी म्हटलं, अकोल्याच्या एप्रिलमध्ये खांब असलेला ढग येतो हे मला माहीत नव्हतं. तो हसला. त्याच सावलीत उभा राहून हसला.

किसनरावांना फोन लावला. लगेच उचलला. मागे जोराचा वारा. विचारलं, काका, कसं काय? म्हणाले, लय मस्त हवा हाय इथं, सारं खालचं दिसते. तुह्या आईनं हिरवं लुगडं वाळू घातलं का आज?

आईचं हिरवं लुगडं दोरीवर होतं.

मूर्तिजापूर इथून चाळीस किलोमीटर आहे.

३ मे

किसनरावांच्या लेकीचा, मोनालीचा फोन आला. ताई, माहे बाबा फोन उचलून नाई राहिले, तुमच्याकडे सगळं बरं हाय ना. बाबा तिच्याकडे गेलेच नाहीत. ती आली, आम्ही दोघी ठाण्यात गेलो, हरवल्याची तक्रार दिली. परत येता येता सहा वाजले होते. ती रस्त्यात थबकली आणि खाली बोट दाखवलं. पहिल्या मजल्याच्या दोन खांबांमध्ये माणसाची सावली. डोक्याला दुपट्टा. कठड्यावर हात ठेवून खाली पाहत असलेली.

मोनाली रस्त्यावर बसली आणि त्या सावलीला बाबा, बाबा करत राहिली. सावलीने मान वळवली.

मी तिला उठवलं. आणि मग घरातून चुन्याची बादली आणली, डाग पाडत पाडत सावलीच्या कडेने सबंध रेघ ओढली, तारीख लिहिली. घाईत रेघ वाकडी आली. पण आली. सुनावणीत हेच दाखवणार.

८ मे

आता सहा मजले. लोक सही करतात आणि गावी जातो म्हणून जातात. कोणी भांडत नाही. सावली साडेचारलाच येते, गल्ली गार होते, माणसं बाहेर येऊन खुर्च्या टाकतात, डोळे मिटून बसतात. बसलं की उठावंसं वाटत नाही. मी परवा पाच मिनिटं उभी राहिले तर अर्जाचा विषयच आठवेना. पळत उन्हात गेले. उन्हात गेल्यावर सगळं आठवलं.

आईला बजावलं. सावलीत बसायचं नाही. ती म्हणाली, आता पंचेचाळीस डिग्रीत मले उन्हात बस म्हणून राहिली, वा रे लेक.

आम्ही हसलो. दोघींनाही हसावंसं वाटत होतं म्हणून नाही.

११ मे

चौथ्या मजल्यावर भगवंतराव आहेत.

काकूंना न सांगता त्यांनी मागच्या आठवड्यातच सही दिली होती. बार्शीटाकळीला भावाकडे जातो सांगून निघाले. आज पावणेसहाला काकूंना रस्त्यावर कोपरात वाकडा हात दिसला. त्या रडल्या नाहीत. झाडू घेऊन सावलीत शिरल्या आणि झाडू आपटत ओरडल्या, कावून गेले वर? कोणाले इचारून गेले? खाली या मुकाट्यानं, सयपाक झाला हाय!

सावलीचा वाकडा हात उचलला गेला. ये म्हणून नाही, जा म्हणून. दोनदा. जा, जा.

काकू झाडू टाकून माझ्याकडे आल्या. दात वाजत होते. आता सही न केलेली घरं तीन. काकूंचं त्यात धरता येत नाही, कारण ते भगवंतरावांच्या नावावर आहे. तरी त्या सुनावणीला येणार. म्हणाल्या, मी बोलीन, पाय तू.

१५ मे

पहिला मजला बंद होतो आहे. खांबांमधली उन्हाची चौकोनी भोकं खालून भरत चालली, विटांसारखी, रोज एक-एक रांग. किसनरावांचं आता डोकंच दिसतं.

फोन लावला. उचलला. वारा नाही. श्वास. म्हणाले, पोरी, इथं उजेड कमी होऊन राहिला. मी विचारलं, जिना कुठे आहे, काका? म्हणाले, जिना हाय, पण सही देल्यावर पाय उचलतच नाई.

म्हणजे ज्याची सही नाही त्याचा पाय उचलेल.

हे लिहून ठेवते. उपयोगी पडेल.

१७ मे

दहा मजले. आमचं एकटं घर राहिलं. अंकुर रोज फाटकात येऊन उभा राहतो. आज म्हणाला, मॅडम, तुमच्या एका सहीसाठी दहा घरांचं अडलं आहे. मी म्हटलं, दहा घरांची माणसं परत आणा, मग बोलू. त्याच्या कपाळावर पहिल्यांदा घाम दिसला. हळूच म्हणाला, ताई, ते माह्या हातात नाई. पहिल्यांदाच मला मॅडम नाही म्हणाला.

सुनावणीचे कागद तयार. तेवीस फोटो, मोजमाप, रोजच्या वेळा. मला वेडी ठरवतील. ठरवू दे. कागद तर स्वीकारावे लागतील.

१९ मे

पहिला मजला पूर्ण बंद. दुसरा, तिसरा अर्धा.

किसनरावांचा फोन लागतो. कोणी बोलत नाही. आतून ठोकल्याचा आवाज—

दोन दिवस. फक्त परवा सकाळपर्यंत.

२० मे, दुपारचे ४.१०

आई नाही.

ऑफिसातून लवकर आले. दार उघडं, कूलर चालू. खुर्ची अंगणात, सावलीत. ओट्यावर संमतीपत्राची प्रत. आईची सही. खालच्या, माझ्या नावापुढे मोकळी जागा.

काकू सांगत होत्या, तो पोरगा तिले म्हणे का ही निस्ती पोचपावती हाय, हरकतीची. ती सावलीत होती. अर्धवट झोपेत. तिने दिली.

सावली बघितली. काकूंच्या गच्चीवरून, आमच्या गच्चीवरून गेली आहे. सगळ्यात शेवटी अकरावा मजला. भिंती नाहीत, छत नाही, नुसते खांब, आणि सळ्या. मधे आई. पदर डोक्यावर घेऊन बसलेली.

छत नाही कारण माझी सही नाही.

मी जाते आहे.

४.३५

काकूंना सांगून ठेवलंय. उन्हात उभं राहायचं, सावलीत पाय टाकायचा नाही. जो खाली येईल त्याला ओढून उन्हात घ्यायचं. त्या हो म्हणाल्या. हातात तोच झाडू.

जिनिंगच्या जागेवर आहे. सावली जिथून निघते तिथे. समोर काळी माती. पण मातीवर पायऱ्यांची सावली आहे, नागमोडी. पहिल्या पट्टीवर पाय ठेवला. पाय जमिनीला लागला नाही. वर लागला.

उचलतो आहे माझा पाय.

५.०५

चौथा मजला. हात गारठले, पेन्सिल धरवत नाही. खाली गल्ली दिसते, आमचं संत्र्याचं झाड दिसतं. भगवंतराव कठड्याला धरून उभे. डोळे उघडे. मी बोलले तर म्हणाले, जा म्हणलं होतं ना. त्यांना सांगितलं, परत येताना नेते. काकू खाली उभ्या आहेत.

त्यांनी खाली पाहिलं. रडले.

५.४०

अकरावा. आईने मला ओळखायला वेळ लावला. नंतर म्हणाली, तू कायले आली, तुले ऑफिस नाई का?

ओट्यावरून आणलेलं संमतीपत्र तिच्या हातात दिलं. फाड म्हटलं. ती म्हणाली, बोटं वाकून नाई राहिली. मी तिची बोटं माझ्या हातात धरून फाडलं. फाडल्याबरोबर तिचा पाय उचलला.

असं आहे तर. कागद फाडला की पाय सुटतो. सगळ्यांचे मूळ कागद अंकुरकडे. पण भगवंतरावांच्या खिशात त्यांची प्रत असेल—

६.०५

होती. फाडली. वाकड्या हाताने त्यांनीच फाडली. आईला धरून ते उतरले, मी बाकीच्यांना हाका मारत मागे राहिले. वरून पाहिलं: आई रस्त्यावर. उन्हात. काकूंनी दोघांना ओढलं. काकूंनी भगवंतरावांना झाडूने मारलं आणि मग मिठी मारली.

आई वर पाहते आहे. तिला मी दिसत नसेन. तिला रिकामी जागा दिसत असेल.

६.२०

पहिला मजला. इथून सोळा पायऱ्या उतरले की मी मोकळी.

पण भिंत ठोकते आहे कोणीतरी. आतून. मी बाहेरून ठोकलं. तीनदा. आतूनही तीनदा.

काका, मी प्रणाली. ऐकू येतं का?

येतं म्हणाले. म्हणाले, जा पोरी, दिवस बुडून राहिला.

त्या दिवशी मी त्यांना ऑटोपर्यंत सोडलं नव्हतं. आज नेणार.

६.३५

मोजणीच्या पिशवीतल्या ओळंब्याने भिंत फोडते आहे. पितळी आहे, जड आहे. विटा ओल्या. चुना अजून धरला नाही. एक निघाली. काकांची बोटं आली बाहेर. कागद द्या म्हटलं, काका, कागद कुठे आहे तुमचा. शोधत आहेत. अंधार आहे म्हणतात आत—

वरच्या मजल्यांवरूनही ठोकतात आता. सगळीकडून.

६.४४

सूर्य टेकला. पायऱ्या फिक्या होतात. खालच्या चार दिसत नाहीत.

कागदाचा कोपरा हाती आला. ओढते. काका तिकडून धरून ठेवा, मी इकडून—

फाटला!

विटा अजून दोन काढल्या की डोकं निघेल. पायऱ्या उरल्या आठ.

काकू, ही वही खाली टाकते. उद्या अकरा वाजता तुम्ही आणि आईने जायचं. फोटो कपाटात, निळ्या पिशवीत. अंकुरकडचे सगळे कागद मागा, तिथेच सगळ्यांसमोर फाडा, वरचे सगळे सुटतील. मी दिसले नाही तरी. आणि कोणी माझ्या नावापुढे सही दाखवली तर सांगा ती खोटी आहे. मी दिलेली नाही, देणार नाही, इथे उभी राहूनसुद्धा मी